नागपूरहून स्पितीला: आधी रात्री मांडा, मग ठिकाणं

स्पितीला जायचं ठरलं की घरोघरी पहिल्यांदा ठिकाणांची यादी होते. ‘की’ गावचा गोंपा म्हणजे बौद्ध मठ, चंद्रताल तळं, हिक्किमचं पोस्ट ऑफिस, चिचमचा पूल. यादी बरोबरच असते, फक्त ती वेळेआधी होते. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर आहे. स्पितीचं मुख्य गाव काझा 3,700 मीटरच्या आसपास, आणि लांग्झा, हिक्किम, कोमिक ही गावं त्याच्याही वर, 4,400 ते 4,600 मीटरच्या दरम्यान. एवढी उंची शरीराला हळूहळू द्यावी लागते. म्हणून कागद घेऊन बसलात की आधी रात्री लिहा: कोणत्या रात्री, कोणत्या गावात, किती मीटरवर झोपणार. ठिकाणं मागाहून त्यात बसवता येतात.

स्पिती हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेला लागून आहे. आपल्या भारतीयांना परवाना लागत नाही. वाटेतल्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवायला सांगू शकतात, म्हणून आधार कार्डाची मूळ प्रत जवळ असू द्या. आत जायला दोन रस्ते आहेत. एक शिमल्याहून, सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे. दुसरा मनालीहून, अटल बोगदा आणि कुंझुम खिंडीतून. पहिला लांब आहे पण जवळजवळ वर्षभर चालू राहतो. दुसरा जवळचा, पण बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच महिने उघडा.

महिना कोणता

इथे विदर्भाचा एक फायदा आहे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा महिना मिळत नाही. जूनच्या पहिल्या वीस दिवसांत कुंझुम बहुतेक वर्षी उघडलेली असते, आणि हिमाचलात मान्सून सहसा शेवटच्या आठवड्यात पोचतो. मुलं बरोबर असतील तर हाच काळ धरा. मे महिन्यात जायचंच असेल तर कुंझुमवर विसंबू नका. शिमल्याकडून जाऊन त्याच रस्त्याने परत येण्याची तयारी ठेवा.

जुलै-ऑगस्ट टाळाच. स्पिती पर्जन्यछायेत येते, तिथे पाऊस नसतो, असं सांगणारे बरेच भेटतील. खरं आहे, पण तिथवर नेणारा रस्ता किन्नौरमधून जातो आणि किन्नौर पावसात कोसळतं. 25 जुलै 2021 रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरडीचे दगड पर्यटकांच्या गाडीवर येऊन नऊ जण गेले. त्याच वर्षी 11 ऑगस्टला निगुलसरीजवळ राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून एसटीसारखी प्रवासी बस ढिगाऱ्याखाली सापडली. जुलै 2023 मध्ये तर चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फामुळे अडकले होते. जुलैमध्ये, बर्फामुळे.

मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला. आकाश स्वच्छ, गर्दी कमी, मटार आणि जवाची कापणी झालेली. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाल तर तोवर नळ गोठायला लागलेले असतात आणि कुंझुमचा भरवसा संपलेला असतो. हिवाळ्यातल्या स्पितीचे, हिमबिबट्याचे फोटो कितीही मोहात पाडोत, पहिल्या खेपेला ते नको.

रात्रींचा कागद

डॉक्टरांचा ढोबळ नियम असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला हरकत नाही, उलट ते चांगलंच. हा नियम लावला की शिमल्याकडून आत जायचं आणि मनालीकडून बाहेर पडायचं, हे आपोआप ठरतं. उलट केलंत तर मनालीत 2,000 मीटरवर उठून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम ओलांडायची आणि रात्री 3,700 वर झोपायचं, असा प्रकार होतो. बरेच लोक तसं करतात. त्यातले बरेच काझ्याची पहिली संध्याकाळ डोकं धरून पांघरुणात काढतात.

माझ्या मते नवख्या कुटुंबाने असा कागद करावा.

पहिली रात्र नारकंडा, 2,700 मीटर. शिमल्याला थांबण्यापेक्षा दोन तास पुढे गेलेलं बरं: गर्दी नाही, आणि देवदारांचं जंगल दारात. 

दुसरी रात्र सराहन, सुमारे 2,165 मीटर. आदल्या रात्रीपेक्षा खाली, पण भीमाकालीचं लाकडी-दगडी मंदिर पाहण्यासारखं आहे आणि पुढचा प्रवास निम्मा होतो. घाई असेल तर ही रात्र गाळता येते.

तिसरी आणि चौथी रात्र कल्पा, 2,960 मीटर. इथे दोन रात्री पाहिजेतच. समोर किन्नर कैलास, खाली सफरचंदाच्या बागा, रोघी गावापर्यंत पायी जाऊन यायचं. ‘एक दिवस फुकट गेला’ असं बरोबरचं कोणीतरी म्हणेलच, म्हणू द्या.

पाचवी रात्र ताबो, 3,280 मीटर. वाटेत खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते, मग रस्ता वळणावळणाने नाकोला चढतो. नाको 3,600 मीटरच्या वर आहे. तिथे जेवायचं, तळं पाहायचं आणि झोपायला खाली ताबोला जायचं. बहुतेक सहल कंपन्या नाकोलाच मुक्काम देतात. सांगून तो ताबोला करून घ्या.

सहावी, सातवी, आठवी रात्र काझा. ताबोपासून अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, म्हणून वाटेत धनकरचा गोंपा आरामात होतो. दुसऱ्या दिवशी ‘की’, किब्बर, चिचम. तिसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्किम, कोमिक. वरची तिन्ही गावं दिवसा पाहून रात्री काझ्यालाच उतरायचं. लांग्झ्याच्या होमस्टेमध्ये राहायचा मोह असेल तर काझ्यात किमान दोन रात्री झाल्यावरच.

नववी रात्र मोकळी ठेवा. रस्ता बंद झाला, कोणी आजारी पडलं, तर ती कामी येते. काहीच झालं नाही तर पिन खोऱ्यातल्या मुदला जाऊन या.

दहावी रात्र चंद्रताल किंवा थेट मनाली. चंद्रताल 4,250 मीटरच्या आसपास, आणि तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे (ते 2005 पासून महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे). मुक्कामाचे तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. लहान मुलं किंवा साठीच्या पुढचे कोणी असतील तर तळं दुपारी पाहून पुढे निघा. तिथली रात्र अतिशय थंड असते आणि जवळपास दवाखाना नाही.

नागपूर ते नागपूर मोजलं तर हे चौदा दिवसांच्या घरात जातं. तेवढी रजा नसेल तर चंद्रताल आणि मनालीचा मुक्काम कापा, कल्पा कापू नका. आठ दिवसांत बसवायचा हट्ट असेल तर यंदा किन्नौर करून या, स्पिती पुढल्या खेपेला.

डॉक्टर, आणि आपल्याकडची एक चाचणी

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे 21 टक्केच असतं. वर हवेचा दाब कमी होतो, म्हणून काझ्यात एका श्वासात नागपूरच्या साधारण दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. कोमिकला साठ टक्क्यांच्याही आत. पहिले एक-दोन दिवस डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हे होऊ शकतं. आता कोणी म्हणेल, ‘अबे, मी रोज अंबाझरीला पाच किलोमीटर पळतो, मला काय होते?’ पळण्याचा दम आणि उंचीची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. तब्येतीने धडधाकट पोरंच डोकं दुखत असताना गप्प बसतात आणि वर चढत राहतात, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. चालण्याची सवय मात्र हवीच. सेमिनरी हिल्सच्या चढावर महिनाभर सकाळी फिरलात तरी पुरे.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, यातलं काही असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा. ‘हिमाचलला जातोय’ एवढंच सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर शिमला येतं.

आणि सिकलसेल. विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार आणि त्याचे वाहक दोन्ही मोठ्या संख्येने आहेत, तरी सहलीच्या कुठल्याच यादीत याचा उल्लेख दिसत नाही. सिकलसेलग्रस्ताने या उंचीवर जाऊच नये. वाहकाला एरवी कसलाही त्रास नसतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. पण जास्त उंचीवर त्याच्या प्लीहेचा (पाणथरीचा) रक्तपुरवठा अडण्याचा धोका असतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराचं दुखणं हे त्याचं लक्षण. सरकारी दवाखान्यात रक्ताची चाचणी होते. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा तुमची चाचणी कधी झालीच नसेल, तर तिकिटं काढण्याआधी ती करून घ्या आणि अहवाल डॉक्टरांना दाखवा.

उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात, दुकानात डायमॉक्स म्हणून मिळतात. मोठ्या माणसाला सहसा 125 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर धोका, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं; घाबरायचं कारण नाही. ऑक्सिजनचे ते हलके स्प्रे-डबे घेऊ नका, दोन-चार मिनिटांत संपतात. कापूर हुंगण्याचा उपायही सोडून द्या.

तिकिटं आणि गाडी

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. जूनची दिल्लीची तिकिटं एप्रिलमध्ये त्याच सकाळी काढावी लागतात, दुपारपर्यंत वेटिंग येतं. तेलंगणा, तामिळनाडू, केरळ, जी.टी. या गाड्या नागपूरहून दिल्लीला जातात. दिल्लीहून रात्रीची नेताजी एक्सप्रेस पहाटे कालक्याला सोडते आणि तिथून शिमल्याची छोटी गाडी मिळते. 96 किलोमीटरचा हा मार्ग 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुलांसाठी हा प्रवास कराच. पाच-साडेपाच तास लागतात, मोटारीने निम्म्यात होईल, पण उंचीला सावकाश जायला याहून छान निमित्त नाही. विमानाने दिल्ली गाठलीत तरी उंचीच्या दृष्टीने काही फरक पडत नाही, दिल्ली नागपूरसारखीच खाली आहे. लेहला विमानाने उतरण्यात जो धोका असतो तो इथे नाही.

पुढे दोन पर्याय. हिमाचल परिवहनची बस स्वस्त आहे आणि चालक रस्ता ओळखून असतात: शिमला ते रेकाँग पिओ, तिथून सकाळी लवकर काझ्याची बस, उन्हाळ्यात काझा ते मनाली. दोन-तीन तरुण मित्र असतील तर बसनेच जा. कुटुंब असेल तर हिमाचलच्या नंबराची टॅक्सी करा, शिमल्याला घेणारी आणि मनालीला सोडणारी. ठरवताना इतकं विचारा: चालक या हंगामात कुंझुमवरून गेला आहे का, त्याचं राहणं-जेवण दरात धरलं आहे का, मोकळा दिवस वापरावा लागला तर त्याचे किती, रस्ता बंद असल्यास शिमल्याकडून परत यायचे किती. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. बारा जणांचा गट असेल तर टेम्पो ट्रॅव्हलरऐवजी दोन उंच चाकांच्या गाड्या बऱ्या. कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवरचा बातल ते ग्राम्फू हा पट्टा दगडधोंड्यांचा आहे आणि पाण्याचे नाले रस्त्यावरूनच वाहतात. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, म्हणून काझ्याहून पहाटे निघायचं.

स्वतःची गाडी नागपूरहून नेणारेही असतात. डोंगरात चालवायची सवय नसेल तर नेऊ नका. नेणारच असाल तर लक्षात ठेवा: रेकाँग पिओच्या पुढे काझ्यापर्यंत पंपाचा भरवसा नाही, आणि काझ्यानंतर थेट मनालीच्या बाजूला.

सामान

मे-जूनमध्ये नागपुरात 45 अंशांत लोकरीचे कपडे शोधायला निघाल तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहील. स्वेटर विकणारे तिबेटी हिवाळ्यातच येतात. तेव्हा आदल्या हिवाळ्यातच खरेदी करून ठेवा, नाहीतर शिमल्याला घ्या. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर जास्त उपयोगी: आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. दिवसा ऊन भाजतं आणि सावलीत गेलं की हुडहुडी भरते. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे. काळा चष्मा, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम. आपल्याला उन्हाची सवय आहे या भ्रमात राहू नका, तिथलं ऊन गरम लागत नाही पण कातडी सोलतं.

खाण्याचं वेड्यासारखं ओझं नको. डाळ-भात, राजमा, थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो सगळीकडे मिळतं, शाकाहारींची अडचण होत नाही. चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि ओआरएसची पाकिटं पुरे. 3,700 मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून स्वतःची शेगडी नेऊन भात शिजवण्याचे बेत कुकरशिवाय फसतात.

रोख रक्कम शिमल्यात किंवा पिओत काढून घ्या. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. बीएसएनएलचं एक सिम असू द्या. आमच्याकडून दोन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, एवढं घरी आई-बाबांना निघण्याआधी सांगून ठेवा.

तिथे पोचल्यावर

काझ्यात पोचलात की त्या दिवशी आणखी काही पाहू नका. पाणी प्या, हळू चाला, दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नको. रोज रात्री प्रत्येकाला विचारा: डोकं दुखतंय का, जेवलास का. दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. आणि पुढली चिन्हं दिसली तर रात्र आहे, पैसे भरलेत, असला काहीही विचार न करता खाली उतरायचं: बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून गुलाबी फेस, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत चालता न येणं. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे, ऑक्सिजन मिळतो, पण खरा उपाय खाली येणं हाच. लहान मुलांना सांगता येत नाही. खेळणारं पोर गप्प झालं, जेवेनासं झालं, की उंचीचाच संशय घ्या.

नागपूरच्या कित्येक बौद्ध घरांना या खोऱ्याची ओढ वेगळीच असते, कारण ताबोचा विहार 996 साली उभा राहिला आणि आजही तिथे भिक्खू राहतात. बाहेरून मातीची बुटकी, साधी इमारत. आत अंधार, आणि डोळे सरावले की भिंतीभर चित्रं आणि मातीच्या मूर्ती. हा वज्रयान, म्हणजे तिबेटी बौद्धांचा पंथ. आपल्या विहारातल्या शांत बुद्धमूर्तीची सवय असलेल्यांना इथल्या उग्र देवता चकित करतात. एखाद्या भिक्खूला विचारा, बरेच जण हिंदीत नीट समजावून सांगतात. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि मोबाईलचा टॉर्चही चित्रांवर मारू नका. बॅटरी विहाराकडूनच मिळते का ते विचारा. स्तूप आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं. ताबोला दुपारी पोचून सकाळी निघण्याऐवजी अर्धा दिवस जास्त द्या. चिचमच्या पुलावरची सेल्फी त्यासाठी गेली तरी चालेल.

भेटल्यावर ‘जुले’ म्हणायचं. नमस्कार, निरोप, आभार सगळं त्यातच. होमस्टेमध्ये संडास बऱ्याचदा कोरडा असतो: पाणी टाकायचं नाही, वर माती लोटायची. अंघोळीचं गरम पाणी एक बादली मिळालं तर तेवढंच वापरा. लांग्झ्यात मुलं शंखांचे जीवाश्म विकायला येतात. एके काळी इथे समुद्र होता, त्याच्या या खुणा. पाहा, हातात घ्या, पण विकत घेऊ नका. मागणी राहिली तर डोंगर खणतच राहतील. हिक्किमहून घरी पोस्टकार्ड मात्र जरूर टाका.

परतीच्या तिकिटाबद्दल एवढंच: मनालीहून रात्रीच्या बसने निघालात की सकाळी दिल्लीला काश्मिरी गेटवर उतरता, पण कुल्लू-मंडीच्या रस्त्यावर दोन-चार तास सहज जातात. नागपूरची गाडी त्याच दिवशी संध्याकाळची किंवा रात्रीची घ्या, सकाळची नको. आणि मोकळी ठेवलेली नववी रात्र आधीच खर्च झाली असेल, तर काझ्यात नेटवर्क मिळताच तिकीट एक दिवस पुढचं मिळतं का ते पाहून घ्या.